गुरुवारचा नायट्रोजन

॥ श्री ॥
अकोला, १६ सप्टेंबर २०२५

चि. गोपाल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आशीर्वादातला 'शी' दीर्घ असतो. मागच्या पत्रात तू तो ऱ्हस्व मागितला होतास, म्हणून दिला नव्हता. आता दीर्घ देते आहे, सांभाळून ठेव. 'परिस्थिती'सुद्धा चुकली आहे. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना मराठी शिकवलं आणि सख्खा भाऊ कोराच राहिला.

फोनवर बोलत जा म्हणून करिश्मा माझ्या मागे लागली आहे. माझी लेक असून तिला कळत नाही. कानातलं यंत्र लावून फोन धरला की ते शिट्टी मारतं. काढून धरला की तू विहिरीच्या तळातून हाक मारतो आहेस असं वाटतं. त्यापेक्षा कागद बरा. तो कितीही वेळा वाचला तरी कंटाळत नाही.

इकडे सगळं ठीक. मार्गशीर्षात तुझ्या भाऊजींना जाऊन तीन वर्षं होतील. दिवसभरात माझा आवाज मला एकदाच ऐकू येतो, भाजीवाल्याशी घासाघीस करताना. मेथीची जुडी नको असली तरी मी भाव विचारते. हसू नकोस.

काल शेतावरून चंद्रभान आला होता. तो सांगत होता, की अमरावतीले गेलो तवा गोपालभाऊ दिसले, पार वाळून राहिले, त्यायले घरी बोलावून काही खाऊ घाला बाई. त्याला काय सांगू? तुझ्या विद्यापीठातल्या त्या चुंबकापुढे माझं काही चालत नाही. म्हैस पाळणाऱ्याला गाव सोडता येत नाही म्हणतात, पण म्हैस निदान दूध तरी देते.

दोन कामं सांगते. खंडेनवमी १ ऑक्टोबरला आहे. बाबांच्या वखराची जुनी पास माळ्यावर सापडली. जमिनीत फिरून फिरून ते लोखंडी पातं हातभरच उरलं आहे. बाबा त्या दिवशी पास धुऊन, हळदकुंकू वाहून, माझ्या पाटीपेन्सिलीशेजारी ठेवायचे. ज्याच्यावर घर जेवतं त्याची पूजा, असं म्हणायचे. पास चंद्रभानबरोबर पाठवते आहे. तुझ्या यंत्राबरोबर तिचीही पूजा कर. बाबांना बरं वाटेल.

दुसरं काम भाऊबीजेचं. २३ ऑक्टोबर. तीन वर्षांत तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. जानेवारीअखेर तू निवृत्त होशील. पुढची खोली मी झाडून ठेवली आहे. तिचं काय करायचं तेही तू एकदा लिही. दर पत्रात विचारते आणि दर पत्रात तू हवापाणी लिहितोस.

लोभ आहेच, आता थोडं वजनही वाढव.
तुझी
ताई

---

अमरावती, २४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
गोपालचा शिरसाष्टांग नमस्कार. आशीर्वाद दीर्घ मिळाला, पोचला.

पास मिळाली. चंद्रभानने ती धोतराच्या फडक्यात तान्ह्या बाळासारखी गुंडाळून आणली होती. यंत्र पाहायचं म्हणून आत शिरत होता, त्याला दारातच अडवलं. खोलीच्या फरशीवर मीच आखलेली लाल रेघ आहे. तिच्या आत लोखंड न्यायचं नाही. किल्ल्या, घड्याळ, केसातली पिन, सगळं बाहेरच्या टेबलावर. तो म्हणाला, हे त देवापरीसही सोवळं होऊन राहिलं. पूजा मी बाहेरच्या टेबलावरच करीन.

या चुंबकापायी मी घरी येत नाही म्हणून तू त्याच्यावर रागावतेस, म्हणून आज त्याची नीट ओळख करून देतो. पाण्याच्या टाकीएवढं, पांढरं, तीन पायांवर उभं आहे. पोटात तारेचं वेटोळं आहे, ते द्रवरूप हेलियममध्ये बुडालेलं असतं. हेलियमला थंड ठेवायला भोवती द्रव नायट्रोजन. नायट्रोजन दर गुरुवारी भरतो. भरताना नळीवर पांढरा बर्फ जमतो आणि खोलीभर धूर उतरतो. विद्यार्थी एका काचेच्या बारीक नळीत चिमूटभर पदार्थ विरघळवून आणतात. मी ती वरून सोडतो, हवेवर तरंगत आत उतरते. मग पडद्यावर रेघा उमटतात. कोणत्या हायड्रोजनच्या शेजारी कोण बसलंय, हे त्या रेघा सांगतात. एवढासा रेणू, डोळ्यांना कधीच दिसायचा नाही, पण त्याचं शेजारपाजार मला पाठ असतं. माझ्या स्वतःच्या शेजाऱ्याचं आडनाव मला माहीत नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

सध्या वरूडची इशिता नावाची एक मुलगी संत्र्याच्या सालीतल्या तेलावर काम करते. ती आली की खोलीला संत्र्याचा वास येतो. तेवढे दोन दिवस बरे जातात. बाकी नवे विद्यार्थी आता नमुने बाहेरगावी पाठवतात. तिकडे मोठी यंत्रं आहेत. आठवड्यात चार नळ्या आल्या तर पुष्कळ.

भाऊबीज नेमकी गुरुवारी आहे. बघतो.

तुझ्या प्रेमाचा धनी, निदान पत्रापुरता तरी,
गोपाल

---

अमरावती, ५ ऑक्टोबर २०२५

चि. करिश्मास,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. हैदराबादेत तू कामात असशील. हे फोनवर सांगायला मी दोनदा बसलो आणि दोनदा हवामान विचारून ठेवून दिला. म्हणून लिहितो. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे आधीच सांगतो.

खंडेनवमीला विभागात कोणी नव्हतं. पूर्वी त्या दिवशी सगळे जमायचे, यंत्राला हार घालायचे, पेढे व्हायचे. यंदा सुट्टीला जोडून सगळे गेले. मी एकटाच होतो. बाहेरच्या टेबलावर पास ठेवली, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. दारातून आत यंत्र दिसत होतं. माझे बाबा पूजा झाली की पास उचलून बैलाच्या कपाळाला टेकवायचे आणि मग जागेवर ठेवायचे. ते डोळ्यांसमोर आलं. मी पास उचलली आणि रेघ ओलांडून आत गेलो.

तेवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या केसातल्या पिना काढायला लावल्या. आणि मी पाच किलो लोखंड हातात घेऊन आत गेलो, बेटा. नुसतं टेकवायचं होतं. दोन पावलं राहिली असताना ती हातातून ओढली गेली आणि यंत्राच्या पोटावर जाऊन बसली. आवाज झाला. मग वरच्या नळीतून हेलियम बाहेर पडायला लागला, शंभर कुकरच्या शिट्ट्या एकदम व्हाव्या तसा. खोली वरून खालपर्यंत पांढरी झाली. मी पळत बाहेर आलो. आमच्यात याला क्वेंच म्हणतात. चुंबकातली सगळी शक्ती एका दमात निघून जाते. दहा मिनिटांनी आत गेलो तर पास आपोआप खाली पडलेली होती. तिला धरून ठेवायला आता काही उरलं नव्हतं.

जे घडलं ते तसंच्या तसं लिहून मी साहेबांना दिलं. यंत्र जुनं आहे, आता त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले. ते निर्लेखित होईल, म्हणजे नोंदीतूनच काढून टाकतील. जानेवारीपर्यंत मी रोज येऊन खोली उघडायची आणि बंद करायची.

पास आईने पाठवली होती, माझ्याकडून पूजा व्हावी म्हणून. तिला हे कळलं तर ती जन्मभर ते उरावर घेईल. तू तिला ओळखतेस. म्हणून यंत्र चालू आहे, असंच आपण म्हणायचं.

आणखी एक आहे, ते तुलाही सांगवत नाही.

तुझ्या माणसांत सुखी राहा.
मामा

---

अमरावती, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार. खंडेनवमी छान झाली. पासेची पूजा केली. फूल वाहिलं. यंत्र ठीक.

भाऊबीजेचं मात्र या वर्षीही जमणार नाही असं दिसतं. गुरुवार आला ना नेमका. गुरुवारी सकाळी आठला मी नायट्रोजनची टाकी ढकलत आणायचो, ते एकट्याचं काम नव्हे पण करायचो. नळीवर बर्फ जमायचा, त्यावर बोटाने कोणीतरी नाव लिहायचं. भरून झालं की मी स्टुलावर बसून डबा खायचो. नळी वर यायची तेव्हा हवेचा फुस्स आवाज व्हायचा, तो ऐकला की काम झालं असं वाटायचं. अशा वेळी सोडून कसं यायचं? दुसऱ्याच्या हातात द्यायची गोष्ट नव्हती ती.

इशिताचं काम संपलं. जाताना ती संत्र्यांची पिशवी ठेवून गेली. एकट्याने किती खाणार, निम्मी वाळली.

तुझ्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. थंडीत पाय दुखतात तर मोजे घाल. फराळ पाठवू नकोस, माझी खानावळ दिवाळीतही चालू असते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
गोपाल

---

अकोला, २७ ऑक्टोबर २०२५

चि. गोपालला,
आशीर्वाद. या खेपेला शुद्धलेखनाच्या चुका नाहीत. त्यामुळेच मला पहिली शंका आली. तू पत्र आधी कच्चं लिहून मग उतरवून काढलंस. माझ्या वर्गातली मुलं खोट्या आजाराचा अर्ज असाच सुवाच्य लिहायची.

भाऊबीजेला ताट करून बसले. तिन्हीसांजेपर्यंत वाट पाहिली, न सांगताच येशील म्हणून. मग गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे, नव्वद किलोमीटरवर, आणि एसटी दर अर्ध्या तासाला सुटते. चंद्रकोर एवढीशी होती, तीही ढगात गेली. मी अंधारात तबक फिरवत उभी राहिले. शेजारच्या गच्चीवरच्या मैनाबाई बघत होत्या. लाज वाटली. फार एकटं वाटलं, गोपाल. हे मी कधी लिहीत नाही, आज लिहिते.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. सप्टेंबरात तू लिहितोस, नायट्रोजन भरतो, बर्फ जमतो, रेघा उमटतात. ऑक्टोबरात लिहितोस, भरायचो, जमायचा, व्हायचा, नव्हती ती. अख्ख्या पत्रात यंत्राबद्दल वर्तमानकाळाचं एक क्रियापद नाही. एक वाक्य आहे, 'यंत्र ठीक.' त्यात तू क्रियापदच घातलं नाहीस. 'आहे' लिहायला तुझा हात धजला नाही.

शुद्धलेखन कोणाचंही चुकतं. काळ असा चुकत नाही. भाऊजी गेल्यावर बँकेतल्या मुलीला मी सांगितलं होतं, ते सही इंग्रजीत करतात. करतात! त्या बिचारीने हातातला मृत्यूचा दाखला पुन्हा वाचला. तू उलटी चूक केली आहेस. जे आहे म्हणतोस ते नाही, हे तुझ्या मनाला ठाऊक आहे.

करिश्माला व्हिडिओवर विचारलं. तिचे ओठ मला वाचता येतात. तिने तेच नेमके रुमालाने पुसायला घेतले. तेव्हा दोघं मिळून काहीतरी लपवताय, हे पक्कं झालं.

यंत्राला काय झालं? आणि ते नाही तर मग तू काहून आला नाहीस? रागात मला पुस्तकी भाषा सुचत नाही. काहून आला नाहीस तू?

उत्तराची वाट पाहणारी,
ताई

---

अमरावती, ४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
नमस्कार. अर्धं खरं सांगून तुझ्यापुढे टिकाव लागत नाही, म्हणून पूर्ण सांगतो.

यंत्र नाही. खंडेनवमीलाच गेलं. पूजा झाल्यावर मी पास हातात घेऊन रेघेच्या आत गेलो, बाबा बैलाला टेकवायचे तशी टेकवायला. चुंबकाने ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि त्या धक्क्याने ते मेलं. कागदोपत्री आता निर्लेखित झालं आहे. पास तू पाठवलीस म्हणून तुला कळवायचं नव्हतं. चूक माझी आहे, रेघ माझी होती.

मी रोज खोली उघडतो. जुन्या नोंदवह्या पुसतो. कधी कधी गुरुवारी आठला टाकीपाशी जाऊन उभा राहतो. मला कोणी रागावलंही नाही, ताई. तेवीस वर्षांचं यंत्र माझ्या हातून गेलं आणि साहेब म्हणाले, होतं असं, तुम्हीही थकलात आता. मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल. ओरडण्याइतकंही ते कोणाला लागत नव्हतं, हे त्या दिवशी कळलं.

आता 'काहून'चं उत्तर. भाऊजी गेले त्या दिवशी मी वेळेवर येऊ शकलो नाही, कारण हेलियम भरणं चालू होतं, ते मध्ये सोडता येत नाही, असं मी तुला सांगितलं. ते खरं नाही. अकरा वाजता करिश्माचा फोन आला. हेलियम भरायला पुण्याहून आलेला इंजिनिअर शेजारीच उभा होता. तो म्हणाला, तुम्ही जा काका, मी बघतो. त्याने तीनदा म्हटलं. मी गेलो नाही. माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातून काही बिघडलं तर, असं वाटलं. दोन वाजेपर्यंत थांबलो. अकोल्यात उतरलो तेव्हा लोक स्मशानातून परत येत होते. चंद्रभानने खांदा दिला होता, माझ्या जागी. तिसऱ्या दिवशी मी परत निघालो आणि तेराव्यालाही आलो नाही.

तू एक शब्द बोलली नाहीस. म्हणूनच मला त्या घरात पाऊल टाकवत नाही. दर वर्षी मी स्वतःला सांगायचो, यंत्र वाचवलं ना, तेवढं तरी. आता तेही माझ्याच हाताने मारलं. आता तुझ्यापुढे कोणत्या तोंडाने येऊ? पुढच्या खोलीत कोणी दुसरं ठेव. एखादी शिकणारी मुलगी ठेव, तुला सोबत होईल.

क्षमा मागायचा हक्क मला नाही, तरी मागतो.
गोपाल

---

अकोला, ९ नोव्हेंबर २०२५

चि. गोपाल,
पत्र वाचलं. पोहे करपले, तेही खाल्ले.

आधी पासेचं. ती मी पाठवली, चुंबकाजवळ तू नेलीस. दोघांचं मिळून काम झालं. निम्मं निम्मं वाटून घेऊ, लहानपणी मार वाटून घ्यायचो तसं. 'निर्लेखित' हा शब्द मला आवडला नाही. लिहिलेलं असं पुसलं जात नाही. तेवीस वर्षं किती मुलांनी त्या नळ्यांवर पदव्या घेतल्या असतील, ते काय कोणी परत घेणार आहे? यंत्र गेल्याचं मला वाईट वाटलं. तुझ्यासाठी वाटलं आणि त्याच्यासाठीही. इतकी वर्षं त्याला शिव्या दिल्या, एकदा पाहिलंसुद्धा नाही.

आता भाऊजींचं. मी त्यावर कधी बोलले नाही, म्हणजे माफ केलं असं तुला वाटत असेल तर तसं नाही. मला राग आला होता. अजून आहे. त्या दिवशी मी चार वेळा उठून दाराशी गेले. लोक त्यांना घेऊन निघाले तेव्हा मी म्हटलं, थांबा जरा, माझा भाऊ येतोय. लोक थांबले. मग ऊन उतरायला लागलं आणि कोणीतरी म्हणालं, आता नाही थांबता येणार बाई. तो इंजिनिअर तुला निघायला सांगत होता, तीनदा, आणि तू थांबलास. हे वाचून मी पत्र चुरगळलं होतं, परत सरळ करून ठेवलं आहे.

पण त्याहून मोठा राग नंतरच्या तीन वर्षांचा आहे. त्या एका दिवशी वेळेवर न येणं मी समजून घेतलं असतं. एक हजार दिवस तू आला नाहीस. आणि माझंही चुकलं. तुझ्यावर रागवायचं सोडून मी त्या यंत्रावर रागवत राहिले. ते सोपं होतं. यंत्र उलट बोलत नाही, आणि भावालाच आपण नकोसे झालो असं म्हणावं लागत नाही. आता यंत्र नाही. आता हा सगळा राग कुठे ठेवू? पत्रात तो मावत नाही. पत्रात मी शुद्धलेखनच तपासत बसते. रागवायला माणूस समोर लागतो.

तुला कोणी ओरडलं नाही म्हणून तुला लागलं, असं तू लिहितोस. साहेब कशाला ओरडतील? परक्याला कोण ओरडतं?

शिकणारी मुलगी मला नको आहे. तिच्यावर मी काय म्हणून रागावू? जानेवारीचीही वाट पाहायची नाही. येत्या गुरुवारी ये. गुरुवारी तुला आता काम नाही, हे मी टोचायलाच लिहिते आहे. सकाळच्या गाडीने निघ, बारापर्यंत पोच. आल्या आल्या मी रागावणार आहे. माझं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही, क्षमा मागायची नाही. वेळ लागेल. मग दोघं जेवू.

तुझ्यावर रागवायचं राहून गेलेली,
ताई